जुन्या लष्करी गाडीची निगा



बाजाराच्या गावी जाताना एखाद्या भंगाराच्या आवारात, नाहीतर लाकडाच्या वखारीमागे, मळकट हिरव्या रंगाचा जुना लष्करी ट्रक किंवा चपट्या तोंडाची जीप उभी असलेली आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. चाकांत हवा नाही, टपावर पिंपळाचे रोप उगवले आहे, आणि बॉनेटखाली कोंबडी उबवायला बसली आहे! अशा गाड्या हौसेने विकत घेऊन पुन्हा चालत्या करणारी माणसेही आता ठिकठिकाणी आढळतात. काहींची हौस टिकते, गाडीही टिकते. काहींची गाडी मात्र एका आवारातून निघून दुसऱ्या आवारात जाऊन उभी राहते, एवढाच फरक.

असे का होते? खेड्यातल्या माणसाला याचे उत्तर शिकवायला नको. बैल बाजारातून एका दिवसात घरी येतो. पण त्याची वैरण, पाणी, खरारा आणि नाल ही बारा महिन्यांची कामे असतात. लष्करी गाडीचे अगदी असेच आहे. ती टिकते ती नेमाने. पैसा लागतो, नाही असे नाही. पण नेम नसेल तर पैसा गंजून जातो. आज आपण या नेमाविषयीच बोलू.

प्रथम ही गाडी जन्माला कशी आली ते पाहू, म्हणजे तिचा स्वभाव कळेल. १९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर लावणारी गाडी हवी होती. सैन्याने १३५ कारखानदारांकडे विचारणा केली. पहिली नमुन्याची गाडी ४९ दिवसांत द्या, अशी अट होती. ती अट बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने पाळली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या हवाली केली. पुढे मोठ्या प्रमाणावर गाड्या बनवण्याचे काम विलिस आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. इंजिन चार सिलिंडरचे, साठ अश्वशक्तीचे. विलिसच्या जीपचे भाग फोर्डच्या जीपला बसावेत असाच बेत होता. फोर्डने मात्र आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ्’ अक्षर उमटवले. आज जुन्या गाड्यांचे जाणकार ते अक्षर शोधत बसतात, आणि कोणता बोल्ट मूळचा व कोणता मागाहून घातलेला, ते त्यावरून ओळखतात.

ही गाडी दुरुस्त कोण करणार होते? शेतातून, दुकानातून, शाळेतून उठून सैन्यात आलेली विशी-बाविशीतली पोरे. म्हणून तिच्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि साध्या पान्याने सुटतो. जुन्या लष्करी गाडीचे हे मोठे वरदान आहे. ज्याला डिझेल इंजिनाचा पंप उतरवता येतो, ऑइल इंजिनाची रिंग बदलता येते, त्या आपल्या गावच्या मिस्त्रीला ही गाडी परकी वाटत नाही.

पण मजबूत गाडीसुद्धा हेळसांडीपुढे हरते. याचा दाखला युद्धातच मिळाला. १९४४ च्या जूनमध्ये दोस्तांचे सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले आणि पाहता पाहता पुढे सरकले. मागे रसद पोचवायला रेल्वे शिल्लक नव्हती. तेव्हा २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात ट्रकांची एक अखंड रांग रात्रंदिवस चालवण्यात आली. तिला रेड बॉल एक्सप्रेस म्हणत. तिच्यातले बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते, आणि बरेचसे ट्रक जीएमसी कंपनीचे, अडीच टनी, सहा सिलिंडरचे. त्यांनी चार लाख टनांहून अधिक माल वाहिला. पराक्रम मोठाच, पण त्याची किंमतही पडली. बेताबाहेर माल, झोपेला वेळ नाही, वंगणाला वेळ नाही, टायर फाटले तरी गाडी पुढेच. शत्रूच्या गोळीवाचून हजारो ट्रक निकामी झाले. देखभाल चुकवून वाचवलेला वेळ गाडी पुढे व्याजासकट वसूल करते, हे तिथे सगळ्यांनी पाहिले.

सैन्याला हे ठाऊक होते, म्हणून देखभालीचे शिक्षण ही तिथे गंभीर बाब होती. गंभीर असली तरी रुक्ष नव्हे, बरं का! अमेरिकन सैन्याच्या ‘आर्मी मोटर्स’ या मासिकात विल आइस्नर नावाचा चित्रकार ‘जो डोप’ या वेंधळ्या शिपायाची व्यंगचित्रे काढी. हा जो डोप तेल तपासायचे विसरे आणि पुढे त्याची फजिती होई. शिपाई हसत हसत धडा शिकत. युद्धानंतर, १९५१ पासून, ‘पीएस’ या मासिकात त्याच पद्धतीने हे काम पुढे चालू राहिले. शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घेण्यासारखी ही गोष्ट आहे. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ, म्हणजे पुढची राणी, हिने १९४५ साली सैन्याच्या महिला दलात दाखल होऊन गाडी चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले होते. राजकन्येला पाना धरायला कमीपणा वाटला नाही, तर आपल्या मुलामुलींना का वाटावा?

आपल्या देशात या गाड्या दोन वाटांनी आल्या. एक वाट युद्धाची. महायुद्ध संपल्यावर उरलेले लष्करी सामान ‘डिस्पोझलचा माल’ म्हणून विकले गेले. त्यात जीपा होत्या, ट्रक होते, आणि कॅनडात बांधलेले बसक्या नाकाचे फोर्ड व शेव्हरोले ट्रकही होते. दुसरी वाट कारखान्याची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. पुढे जी उंच बॉनेटची जीप आपण गावोगाव पाहिली, ती युद्धातल्या जीपची धाकटी बहीण. तिच्या इंजिनाची वरची बाजू उंच, म्हणून बॉनेट उंच. युद्धातल्या जीपचे बॉनेट सखल असते. एवढी खूण लक्षात ठेवली तरी फसगत टळेल. त्यानंतर जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत जर्मन मान कंपनीच्या नमुन्यावरून शक्तिमान ट्रक, आणि जपानी निस्सान पेट्रोलवरून जोंगा तयार झाली. जोंगाचे उत्पादन १९९९ साली थांबले. आज लिलावातून माणसांच्या हाती येणाऱ्या जुन्या लष्करी गाड्यांत या देशी गाड्याही असतात.

आता गाडी घेण्यापूर्वीच्या गोष्टी. पहिली गोष्ट कागद. सैन्यात असताना गाडीवर बाणाची खूण असलेला लष्करी क्रमांक असतो. तो क्रमांक नागरिकाच्या उपयोगाचा नाही. लिलावाचे पत्र, गाडी सैन्यातून मुक्त केल्याचा कागद, चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे सारे एकमेकांशी जुळले पाहिजे. ते घेऊन आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, मगच पैसे मोजावेत. कागदावाचून घेतलेली गाडी म्हणजे सातबाऱ्यावाचून घेतलेली जमीन.

दुसरी गोष्ट रंगाची. पुष्कळांना लष्करी हिरव्या रंगाचाच मोह असतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम असे सांगतो, की संरक्षण खात्याच्या गाडीखेरीज कोणतीही गाडी ऑलिव्ह हिरव्या रंगाने रंगवू नये. म्हणजे रस्त्यावर आणायची तर गाडीने आपला गणवेश उतरवला पाहिजे. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. निवृत्त सुभेदारही गणवेश घालून बाजारात जात नाही.

तिसरी गोष्ट नोंदणीची. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या दुचाक्या आणि प्रवासी चारचाक्या यांच्यासाठी सरकारने २०२१ साली वेगळी सोय केली. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये ठरवली गेली आणि मुदत दहा वर्षांची. या गाडीने प्रदर्शनाला जावे, शर्यतीला म्हणजे जुन्या गाड्यांच्या रॅलीला जावे, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला जावे. भाडे मारू नये आणि रोजच्या कामाला वापरू नये. मालवाहू ट्रक या सोयीत बसत नाही, हे ट्रक घेणाऱ्याने आधीच समजून असावे.

आता गाडी घरी आली असे समजू. बहुतेक लोक आधी रंगाचा डबा आणतात. माझे सांगणे असे, की रंग शेवटी. आधी थांबायचे बघा, मग धावायचे, आणि दिसण्याचे सर्वांत मागून. जुन्या जीपच्या ब्रेकची नळी एकच असते. कुठेही एका चाकाशी गळती लागली, की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेकचे साधे तेल हवेतले पाणी शोषून घेते आणि सिलिंडर आतून गंजतो. म्हणून उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक पूर्ण उघडावेत, रबरे नवी घालावीत, आणि तेल दर दोन वर्षांनी बदलावे. ड्रममधली धूळ फुंकू नये, हवेच्या नळीनेही उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू फुप्फुसांत गेले तर जिवावर बेततात. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके नीट बांधून टाकून द्यावे.

चाकांविषयी तर हात जोडून सांगतो. पुष्कळ लष्करी जीपांची चाके दोन बशा समोरासमोर ठेवून बोल्टांनी जोडावीत तशी असतात. हबवर चाक धरणारे पाच नट वेगळे आणि या दोन बशा धरणारे आठ नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना त्या आठांना हात लावाल, तर बशी तोफेच्या गोळ्यासारखी उडेल. ट्रकांच्या रिंग बसवलेल्या चाकांचेही तेच. आधी व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडावी, मगच पाना लावावा. आणि हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे. आणखी एक गंमत सांगतो. युद्धकाळच्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस नळीचा दांडा लावून जोर करतो आणि बोल्टच तोडून बसतो.

जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरच्या मागे, फिरणाऱ्या दांड्यावर असतो. म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलले, की हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. चाक उचलण्यापूर्वी बाकीच्या चाकांना आडवे दगड किंवा लाकडे लावल्यावाचून खाली वाकू नये. हँडल मारताना गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहावे, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो.

आता नेमाचा भाग. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. आपल्या गावच्या बाजाराचा दिवस ठरवला तर विसरणार नाही. इंजिन थंड असताना तेलाची पट्टी पाहावी. रेडिएटरचे पाणी, बॅटरी, फॅनबेल्टचा ताण आणि टायरची हवा पाहावी. गाडीखाली वाकून जमिनीवरचे डाग पाहावेत. तेल कुठून ठिबकते ते गाडी स्वतःच जमिनीवर लिहून ठेवते, वाचणारा हवा. महिन्यातून एकदा गाडी चांगली तापेपर्यंत, निदान अर्धा तास, रस्त्यावर चालवावी. नुसती जागेवर पाच मिनिटे घुरघुरत ठेवू नये; त्याने इंजिनात पाणी धरते आणि तेल खराब होते. दर हजार मैलांनी प्रत्येक ग्रीस निपलला ग्रीस द्यावे, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालणाऱ्याला यात नवीन काय? आणि चारही चाकांचा जोर चिखलात, वाळूत लावावा. कोरड्या डांबरी सडकेवर लावू नये. वळताना पुढची आणि मागची चाके सारखी फिरत नाहीत, मग सगळा ताण गिअरवर आणि दांड्यांवर येतो.

दिवे मंद लागतात, स्टार्टर कुथतो, म्हणून लोक घाईने बॅटरी बदलतात. युद्धकाळची जीप सहा व्होल्टची. व्होल्ट कमी, म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह जास्त. म्हणून तिला जाड केबल लागते आणि चॅसीला जोडलेले टोक घासूनपुसून लख्ख लागते. पुष्कळदा दोष बॅटरीत नसून त्या गंजलेल्या टोकातच असतो.

पेट्रोलविषयी आजच्या काळात एक नवी काळजी आली आहे, आणि तिचा संबंध आपल्या उसाशी आहे. आपल्या साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या काळचे रबर व बूच त्याने फुगतात, मऊ पडतात. पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्यात. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. टाकीत तळाशी पाणी साचले, की टाकी आतून गंजते. जीपची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. तेव्हा गळती म्हणजे बसल्या जागी धोका. पेट्रोल भरताना इंजिन बंद, आणि बिडी तर दूरच.

आपला खरा शत्रू पावसाळा. विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर. गाडी भिंतीला टेकून, ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवू नये; खालून ओल येते आणि आत घाम धरतो. वर छप्पर आणि चहूकडून वारा, हे उत्तम. जीपच्या तळाखाली पोलादी पट्ट्यांच्या आत मूळची लाकडे घातलेली असतात. ती कुजली, की वरून रंग झळकतो आणि खालून पत्रा चाळणी होतो. विकत घेताना आधी तिथे टोचून पाहावे. उंदीर तारा कुरतडतात, म्हणून गाडीशेजारी धान्याची पोती ठेवू नयेत.

यानंतर एक प्रश्न नेहमी निघतो. मूळ इंजिन महागात पडते, सुटे भाग मिळत नाहीत, तर दुसरे डिझेल इंजिन बसवावे का? याचे उत्तर गाडी कशासाठी आहे यावर अवलंबून आहे. दार्जिलिंगच्या डोंगरात मानेभंज्यांग गावाहून संदकफूच्या खड्या चढणीवर प्रवासी नेणाऱ्या जुन्या लँड रोव्हर गाड्या प्रसिद्ध आहेत. २०१८ साली तिथे अशा सुमारे चाळीस गाड्या चालत होत्या. त्यांतल्या काहींत दुसरी इंजिने बसवली गेली. तिथे गाडी चालली तर घरची चूल पेटणार होती. त्या चालकांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण जो म्हणतो, मी जुनी वस्तू जतन करतो आहे, त्याच्यावर जबाबदारी येते. त्याने मूळ भाग फेकू नये. बदलावा लागला तर जुना भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा. पुढच्या पिढीला तो परत बसवता आला पाहिजे. रंगाचे थर खरवडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. एखाद्या थराखाली जुन्या पलटणीची खूण निघते, आणि एकदा खरवडली की ती कायमची गेली.

आणि आता शिक्षकांसाठी. या गाड्यांचे भाग शोधून सापडतील, नसले तर लेथवर करून घेता येतील. पण ज्या मिस्त्रीने चाळीस वर्षे कानाने इंजिन ऐकले, त्याचा कान लेथवर होत नाही. टॅपेट किती सैल ठेवायचा, कोणत्या आवाजाला घाबरायचे आणि कोणत्याला नाही, हे बहुतेकांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. शाळेतल्या मुलांनी अशा जुन्या मिस्त्रीकडे वही घेऊन जावे, विचारावे आणि लिहावे. आपल्याला निबंधाला यापेक्षा चांगला विषय कोणता मिळेल?

गणितही यात आहे. जीपच्या पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६५, सावकाश चालीच्या जोडगिअरचे १.९७, आणि ॲक्सलचे ४.८८. तिघांचा गुणाकार मुलांकडून करवून घ्या. उत्तर सुमारे साडेपंचवीस येईल. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन साडेपंचवीस वेळा फिरते. म्हणूनच साठ अश्वशक्तीची लहानशी गाडी चिखलातून तोफ ओढत होती. हे फळ्यावर शिकवता येते, पण चाकाला खडूची खूण करून, हँडल फिरवून मोजून दाखवले तर मूल जन्मभर विसरत नाही. सहल काढायची असेल तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे चिलखती गाड्या जवळून पाहता येतात.

तेव्हा मंडळी, ज्याला आठवड्यातला एक तास देणे जमणार नाही, त्याने ही गाडी घेऊ नये. दुसऱ्याची पाहून आनंद मानावा. ज्याला जमेल, त्याने जरूर घ्यावी. एक वही करावी, तिच्यात तारीख, मैल, तेल आणि ग्रीस यांची नोंद ठेवावी, आणि घरातल्या एका तरी मुलाला पान्याचे नंबर शिकवावेत. गाडी आपल्या हाती काही वर्षांपुरती असते. पुढे ती ज्याच्या हाती जाईल, त्याला किल्लीबरोबर ही वहीही द्यावी.